इंधनाचं पीक: दरवर्षी पेरायचं की एकदाच लावायचं?

दोन बातम्या शेजारी ठेवून वाचा. पहिली 2021ची. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आर्गोन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला, की मक्याच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत हरितगृह वायूंत 40 टक्क्यांहून जास्त घट होते. दुसरी 2022ची. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टायलर लार्क आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की तेच इथेनॉल पेट्रोलपेक्षा चांगलं तर नाहीच, उलट बहुधा किमान 24 टक्क्यांनी वाईट आहे.

देश तोच, मका तोच. मग कुणाचं तरी गणित चुकलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण दोघांच्या बेरीज-वजाबाकीत फारशी गफलत नाही. खर्चाच्या वहीत काय काय लिहायचं, यावर त्यांचं जमत नाही. वादातले हे खर्च गाडीच्या धुराड्यात दिसत नाहीत. ते असतात जमिनीखाली, ओढ्याच्या पाण्यात आणि कधी कधी हजारो किलोमीटर दूरच्या एखाद्या जंगलात. पीक दरवर्षी नव्यानं पेरायचं आहे की एकदा लावून वर्षानुवर्षं कापायचं आहे, यावर हे खर्च खूपच बदलतात.

आधी पिकांची ओळख

जाळून वीज किंवा उष्णता मिळवण्यासाठी, कुजवून वायू बनवण्यासाठी किंवा द्रव इंधन काढण्यासाठी घेतलेलं पीक म्हणजे बायोमास पीक. त्यात दोन घराणी आहेत.

एक हंगामी. पेरलं, वाढलं, कापलं, संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा मशागत, पुन्हा बियाणं. मका, ज्वारी, मोहरी ही त्यातली ठळक नावं. दुसरं बहुवार्षिक. हरळी शेतात शिरली की काय होतं हे ज्यानं भोगलंय, त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. वरून कितीही छाटा, खाली काश्या जिवंतच. इंधनासाठी लावतात ती बहुवार्षिक पिकं याच तत्त्वावर चालतात: उत्तर अमेरिकेच्या कुरणांतलं स्विचग्रास, आशियातून गेलेलं मिस्कॅन्थस, आणि तीन-चार वर्षांनी बुंध्याशी कापून पुन्हा फुटू दिली जाणारी विलो, पॉप्लरसारखी झाडं. एकदा लावलं की पंधरा-वीस वर्षं नांगराची गरज नाही.

ऊस या दोघांच्या मधोमध उभा आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो बहुवार्षिक. लागण एकदा करायची आणि मग खोडवे घेत राहायचं. ब्राझीलमध्ये पाच-सहा कापण्या झाल्यावर शेत मोडून पुन्हा लागण करतात. त्यामुळे त्याचे फायदे-तोटेही मधलेच निघतात.

जाता जाता मिस्कॅन्थसची एक गोष्ट. इंधनासाठी आज लावला जाणारा त्याचा प्रमुख संकर 1935 साली जपानमधल्या योकोहामाहून डेन्मार्कला नेला गेला, तो बागेची शोभा म्हणून. याला बीच धरत नाही. गड्ड्याचे तुकडे करून लावावे लागतात. ही किरकोळ वाटणारी बाब पुढे दोनदा कामाला येणार आहे.

नांगर फिरतो तेव्हा

मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मुळा-पानांच्या रूपात साठलेला कार्बन, ही जमिनीची मुदत ठेव समजा. हळूहळू साठते, आणि मोडायला मात्र एक दुपार पुरते. नांगरट केली की मातीची ढेकळं फुटतात, आत हवा शिरते आणि तोवर उपाशी बसलेले सूक्ष्म जीव त्या कर्बावर तुटून पडतात. त्यांच्या श्वासातून तो कार्बन डायऑक्साइड बनून हवेत जातो.

हंगामी पिकात ही ठेव दरवर्षी थोडी थोडी मोडली जाते. शिवाय पेरणीपासून पिकानं जमीन झाकेपर्यंतचे काही आठवडे आणि कापणीनंतरचे काही महिने माती उघडी असते. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा कण सुटे करतो आणि वाहतं पाणी ते घेऊन जातं. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात उपग्रहाच्या प्रतिमा वापरून 2021 साली केलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, की तिथल्या सुमारे एक-तृतीयांश लागवडीच्या जमिनीवरचा काळा सुपीक थर पूर्णपणे निघून गेला आहे. हे नुकसान एकट्या इथेनॉलमुळे झालेलं नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या नांगरटीचं ते फळ आहे. पण त्या देशात पिकणाऱ्या मक्यापैकी एक-तृतीयांशाहून जास्त आज इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, तेव्हा या बिलातला वाटा इंधनाच्या नावावरही लिहायला हवा.

बहुवार्षिक गवत यातून बऱ्याच अंशी सुटतं. स्विचग्रासची मुळं तीन मीटरपर्यंत खोल जातात आणि कापणीनंतरही जागेवर राहतात. दरवर्षी त्यातली काही मरतात, काही नवी येतात, आणि मेलेली मुळं मातीतच कर्ब सोडून जातात. नांगर नाही म्हणून ठेव मोडली जात नाही, उलट भर पडते.

इथे दोन गोष्टी मात्र जपून बोलायला हव्यात. ही भर अनंत काळ पडत नाही. काही दशकांत माती तिच्या मर्यादेपर्यंत भरते आणि मग वाढ थांबते. दुसरं, वीस वर्षांनी गवत उखडून तिथे पुन्हा मका पेरला, तर साठवलेला बराचसा कर्ब परत हवेत जातो. त्यामुळे कुणी मातीतला कर्ब वाढवल्याचे पैसे मागू लागला, तर वीस वर्षांनंतर या शेतात काय असणार हे त्याला आधी विचारावं.

खत शेतात थांबत नाही

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नायट्रोजन. इथेनॉलच्या चर्चेत त्याचं नाव सहसा निघतच नाही.

अमेरिकेत मक्याला हेक्टरी दीडशे किलोच्या आसपास नत्र देतात. ते सगळं पिकात जात नाही. काही पाण्याबरोबर नायट्रेटच्या रूपात झिरपतं किंवा वाहून जातं, आणि थोडं मातीतल्या जीवाणूंच्या हातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू होऊन उडतं. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता अडवतो. हवामान बदलाच्या आंतरशासकीय समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, ढोबळ ठोकताळा असा, की दिलेल्या नत्रातला साधारण 1 टक्का या वाटेनं शेतातूनच जातो.

एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून आकडा मांडून बघू. दीडशे किलो नत्राचा एक टक्का म्हणजे दीड किलो. त्याचा नायट्रस ऑक्साइड होतो साधारण 2.4 किलो. 273नं गुणलं की साडेसहाशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या एका टक्क्यानं हेक्टरी सुमारे 280 लिटर पेट्रोल जाळल्याइतकं काम केलं. चांगल्या पिकात त्याच हेक्टरातून चार हजारांहून थोडं जास्त लिटर इथेनॉल मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ते तीन हजारांच्या आत-बाहेर लिटर पेट्रोलच्या तोडीचं. वाचवलेल्या पेट्रोलचा जवळपास दहावा हिस्सा एकट्या या वायूनं खाल्ला. खत कारखान्यात बनवताना जळालेला नैसर्गिक वायू, ट्रॅक्टरचं डिझेल, मका आंबवून त्याचं ऊर्ध्वपातन करायला लागलेली उष्णता हे सगळं अजून बाकीच आहे.

आता वाहून गेलेल्या नायट्रेटकडे बघू. मक्याच्या पट्ट्यातलं पाणी मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतं. तिथे हे खत शेवाळाला मिळतं. शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मासे निघून जातात, ज्यांना पळता येत नाही ते मरतात. या भागाला मृत क्षेत्र म्हणतात. 1985पासून त्याची मोजणी होते आहे, आणि 2017च्या उन्हाळ्यात ते 22,700 चौरस किलोमीटरवर पसरलं होतं, आजवरच्या नोंदीतलं सर्वात मोठं. नदीच्या वरच्या अंगाला आयोवा राज्यातल्या दे मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातलं नायट्रेट काढण्यासाठी वेगळी यंत्रणा चालवावी लागते.

गड्ड्यातली बचत

बहुवार्षिक गवत इथे जे करतं ते पाहण्यासारखं आहे. हिवाळा जवळ आला की मिस्कॅन्थस पानां-काड्यांतला नायट्रोजन खाली ओढून घेतं आणि जमिनीखालच्या गड्ड्यात साठवतं. कर्दळीचा गड्डा जसा वरचं सगळं वाळल्यावरही आत जीव धरून असतो, तसंच. पुढच्या वसंतात तोच साठा वापरून नवे कोंब वर येतात. शेतकऱ्यानं वाट पाहून हिवाळ्याच्या अखेरीस कापणी केली तर तो फक्त वाळकी काडी नेतो, खत शेतातच राहतं. कर्मचारी नोकरी सोडून गेला पण जाताना सगळ्या किल्ल्या जागेवर लावून गेला, असा हा मामला.

म्हणूनच मिस्कॅन्थसला पहिली काही वर्षं खत न देताही बऱ्याच ठिकाणी उत्पादन टिकलं आहे. वाट पाहण्याचा आणखी एक फायदा असतो. काडी वाळते, तिच्यातली क्षारद्रव्यं पावसानं धुतली जातात आणि बॉयलरमध्ये ती नीट जळते. तोटाही आहेच. थांबण्याच्या काळात पानं गळतात आणि शरदातल्या उत्पादनाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग जमिनीवर पडतो. शेतकऱ्याला ते नुकसान वाटतं, मातीला ते आच्छादन असतं.

आणि अगदी प्रामाणिक हिशोब करायचा तर पहिल्या वर्षाबद्दलही सांगायला हवं. लागण करताना जमीन नांगरावीच लागते, रोपं लहान असतात, मुळं तोकडी असतात. त्या पहिल्या हिवाळ्यात नायट्रेटचं झिरपणं हंगामी पिकाइतकं किंवा त्याहून जास्तही असू शकतं. फायदा सुरू होतो तो पीक बसल्यावर.

आधी तिथे काय होतं?

इथवर वाचून कुणाला वाटेल, निकाल लागला: बहुवार्षिक चांगलं, हंगामी वाईट. इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

2008 साली सायन्स या नियतकालिकात जोसेफ फार्जिओनी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. इंधनाचं पीक लावण्यासाठी नैसर्गिक जमीन मोडली, तर त्यावेळी हवेत गेलेला कार्बन त्या पिकाच्या इंधनानं किती वर्षांत फिटेल? या उधारीला त्यांनी कार्बन कर्ज म्हटलं. अमेरिकेतलं कुरण मोडून मका लावला तर 93 वर्षं. ब्राझीलच्या सेर्रादो या झुडपी गवताळ प्रदेशात ऊस लावला तर 17 वर्षं. आणि इंडोनेशिया-मलेशियात पाणथळ पीट जमिनीवरचं जंगल तोडून पाम लावला तर 423 वर्षं.

पाम हे बहुवार्षिक झाड आहे, हे इथे विसरून चालणार नाही. वीस-पंचवीस वर्षं उभं राहतं, दरवर्षी नांगरट लागत नाही. आपण आतापर्यंत ज्या ज्या गुणांचं कौतुक केलं त्यातले बरेचसे त्याच्यात आहेत, तरीही कर्जाच्या यादीत तो सगळ्यात वर. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेला कर्ब. चर खणून पाणी काढलं की तो कुजायला लागतो आणि थांबत नाही. पिकाचा गुण तिथे कामी येत नाही. युरोपियन संघानं पामतेलाचं इंधन 2030पर्यंत हरित इंधनाच्या हिशोबातून बाद करायचं ठरवलं, त्यामागे हेच कारण.

माझ्या मते म्हणूनच कोणतं पीक या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न यायला हवा: आधी तिथे काय होतं? दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या, धूप होणाऱ्या शेतात बहुवार्षिक गवत लावलं तर मातीला, पाण्याला जवळपास फायदाच. जुनं कुरण मोडून तेच गवत लावलं तर फायदा कसला, आपण सोनं देऊन पितळ घेतलं. आणि कुरण मोडून मका लावला तर दुहेरी नुकसान.

म्हणजे दोन बातम्यांपैकी खरी कोणती?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. भांडण याच प्रश्नावर आहे, फक्त एक पायरी पुढचं.

रेल्वेच्या बाकावर चौघं बसलेत. पाचवा आला, सगळे थोडे थोडे सरकले आणि टोकाचा माणूस उभा राहिला. पाचव्यानं त्याला उठवलं का? थेट नाही. पण तो आला नसता तर टोकाचा उभा राहिला नसता. मक्याचंही तसंच होतं. अमेरिकेतला मका इंधनाकडे वळला की धान्याचा भाव चढतो, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कोपऱ्यात कुणीतरी कुरण किंवा जंगल मोडून धान्य पेरतो. याला अप्रत्यक्ष जमीनबदल म्हणतात. टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली तो हिशोबात धरला, तेव्हा मक्याचं इथेनॉल तीस वर्षांत पेट्रोलच्या जवळपास दुप्पट उत्सर्जन करतं असं निघालं. आणि मक्याच्याच शेतात स्विचग्रास लावलं तरी, धान्य दुसरीकडे पिकवावं लागणार म्हणून, उत्सर्जन पेट्रोलपेक्षा 50 टक्क्यांनी वाढतं असंही त्यांनी दाखवलं. बहुवार्षिकाच्या चाहत्यांना हा दुसरा आकडा फारसा आवडत नाही.

यावर मोठा वाद झाला. टोकाचा प्रवासी नक्की कोण आणि तो किती लांब उभा, हे मोजायला जागतिक बाजाराची गणिती प्रारूपं लागतात, आणि गृहीतकं बदलली की उत्तरं बदलतात. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला. आर्गोनच्या हिशोबात तो लहान आहे. लार्क यांच्या गटानं मुख्यतः अमेरिकेच्या आतलाच जमीनबदल पाहिला: इंधनात जैवइंधन मिसळण्याच्या सक्तीमुळे 2008 ते 2016 या काळात मक्याखालचं क्षेत्र 28 लाख हेक्टरनं वाढलं, त्याबरोबर खतही वाढलं, असा त्यांचा निष्कर्ष. इथेनॉल उद्योगाला आणि आर्गोनच्या संशोधकांना तो मान्य नाही. दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटतं, जमिनीचा खर्च अचूक मोजता येत नाही हे खरं असलं तरी तो शून्याजवळ धरणं हा सर्वात कमी पटणारा पर्याय आहे.

पाणी कोण जास्त पितं?

बहुवार्षिक. यात लपवण्यासारखं काही नाही. त्याला पानं आधी फुटतात आणि उशिरा गळतात, म्हणजे बाष्पीभवनाचे दिवस जास्त. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मोजणीत मिस्कॅन्थसनं मक्याच्या सुमारे दीडपट पाणी हवेत सोडलं. त्या बदल्यात उत्पादनही जास्त दिलं, त्यामुळे टनामागे हिशोब केला तर चित्र एवढं वाईट दिसत नाही. पण नदी टनात मोजत नाही, हेक्टरांत मोजते. जिथे पाऊस भरपूर आणि खतानं भरलेलं पाणी ही अडचण आहे, तिथे मुळांनी जास्त पाणी शोषलं तर चांगलंच, झिरपायला कमी उरतं. कोरड्या प्रदेशात मात्र हीच गोष्ट ओढे आणि भूजल आटवू शकते. सल्ला एकच, परिणाम उलटे.

पाखरांच्या बाजूनं

मक्याचं शेत जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला फारसं काही देत नाही. जर्मनीत 2004नंतर पीक कुजवून वायू बनवणाऱ्या प्रकल्पांना वाढीव दर मिळू लागला आणि मक्याचं क्षेत्र एवढं वाढलं, की देश मक्याखाली गाडला जातोय असा अर्थ सांगणारा एक नवा शब्दच तिथे रुळला. शेवटी 2012च्या कायद्यात नव्या प्रकल्पांच्या कच्च्या मालात मका आणि धान्याच्या दाण्यांना 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. त्यानंतर काही शेतकरी कप प्लांट या पिवळ्या फुलांच्या बहुवार्षिक पिकाकडे वळले. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, जेव्हा मधमाश्यांना बाहेर फार काही मिळत नाही, तेव्हा ते फुलतं. वायू मक्यापेक्षा काहीसा कमी देतं.

विलोची लागवड आजूबाजूच्या नांगरलेल्या शेतांपेक्षा पक्ष्यांना जास्त भावते, आणि वसंताच्या सुरुवातीला तिची फुलं मधमाश्यांच्या कामी येतात. पण बहुवार्षिक म्हणजे आपोआप विविधता नव्हे. मैलोन्मैल एकच मिस्कॅन्थस हीही एकसुरी शेतीच, फक्त उंच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक इथे डेव्हिड टिलमन यांच्या गटानं कुरणातल्या अनेक देशी वनस्पती एकत्र वाढवल्या. दहा वर्षांनी मिश्र वाफ्यांतलं उत्पादन एकेकट्या जातीच्या सरासरीपेक्षा 238 टक्क्यांनी जास्त निघालं, तेही खताशिवाय. तिथली जमीन मुळात हलकी होती, आणि चांगल्या जमिनीवर खत घातलेलं एकच निवडक गवत याला मागे टाकू शकतं, हा आक्षेप रास्त आहे.

आणखी एक धोका. इंधनासाठी आपण काय शोधतो? झपाट्यानं वाढणारं, कमी खतात जगणारं, किडीला दाद न देणारं, कापलं तरी फुटणारं. तणाची व्याख्याही हीच. जायंट रीड हे उंच बोरू-गवत इंधनासाठी सुचवलं जातं, पण कॅलिफोर्नियात त्यानं नद्यांचे काठ गिळले आहेत आणि जगातल्या सर्वात उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. मिस्कॅन्थसच्या वांझ संकराला बी धरत नाही म्हणून तो इथे तुलनेनं सुरक्षित. त्या किरकोळ बाबीचा हा पहिला उपयोग.

एवढं चांगलं आहे तर शेतकरी लावत का नाहीत?

दुसरा उपयोग इथे, आणि तो उलट्या दिशेचा. बी नाही म्हणजे गड्डे काढा, तुकडे करा, वाहून न्या, लावा. पेरणीपेक्षा हा खर्च कितीतरी जास्त. त्यानंतर दोन-तीन वर्षं पूर्ण उत्पादन नाही. आणि मग पंधरा-वीस वर्षं तेच पीक. मक्याचा भाव पडला तर पुढच्या वर्षी सोयाबीन पेरता येतो. मिस्कॅन्थस घेणारा एकुलता एक प्रकल्प बंद पडला तर शेतकऱ्यानं त्या काड्यांचं काय करायचं? ज्याची जमीन खंडानं घेतलेली आहे आणि करार वर्षावर्षाचा आहे, त्याच्यासाठी तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

कारखान्याच्या बाजूनंही अडचण आहे. मक्याच्या दाण्यात पिष्ट असतं, ते आंबवणं माणसाला हजारो वर्षांपासून येतं. गवताच्या काडीत ऊर्जा आहे ती सेल्युलोजमध्ये, आणि त्याभोवती लिग्निन या चिवट पदार्थाची भिंत. झाड उभं राहावं, कुणी सहज खाऊ नये, यासाठीच ती बनलेली आहे. ती फोडायला उष्णता, आम्ल आणि महागडी विकरं लागतात. अमेरिकेच्या 2007च्या कायद्यानं 2022पर्यंत वर्षाला 16 अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे 6,000 कोटी लिटर, सेल्युलोजच्या इंधनाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्याचा अगदी छोटा अंश मिळाला, आणि त्यातलाही बराचसा कचराभूमीतल्या वायूपासून. अमेरिकेच्या उत्तर मैदानी प्रदेशातल्या दहा शेतांवर स्विचग्रासचा पाच वर्षं अभ्यास झाला, तेव्हा घातलेल्या ऊर्जेच्या पाचपटींहून जास्त ऊर्जा मिळू शकते असा अंदाज निघाला होता. मक्यात हे प्रमाण सव्वा ते दोन पटींच्या दरम्यान धरतात. कागदावर गवत केव्हाच जिंकलेलं आहे.

पडीक जमिनीवर लावलं तर?

धान्याशी स्पर्धा टाळायची तर हा मार्ग योग्य, आणि बहुवार्षिक पिकं हलक्या जमिनीत हंगामी पिकांपेक्षा बरी तगतात हेही खरं. पण नकाशावर पडीक दिसणारी जमीन क्वचितच खरोखर रिकामी असते. कुणाची गुरं तिथे चरतात, कुणी सरपण आणतं, आणि बऱ्याचदा तिथे इतक्या वर्षांत मातीत कर्ब साठलेला असतो. शिवाय हलक्या जमिनीत उत्पादनही हलकंच. 2000नंतरच्या दशकात जट्रोफा या तेलबियांच्या झुडपाबद्दल अनेक देशांत असंच सांगितलं गेलं होतं: उजाड जमिनीवर, पाण्याशिवाय, तेलच तेल. झाड जगलं, बिया फारशा आल्या नाहीत. जगणं आणि पिकणं यात फरक असतो.

हंगामी पीकच नीट घेतलं तर?

नक्कीच सुधारतं. नांगर न फिरवता पेरणी, मोकळ्या महिन्यांत जमीन झाकणारं आच्छादन पीक, मातीची तपासणी करून नेमकं खत, पीक फेरपालट. यानं धूप आणि नायट्रेट दोन्ही घटतात, आणि शेतकऱ्याकडे पिकं बदलण्याची मोकळीक राहते. फक्त एका मोहापासून सावध राहायला हवं. मक्याची धाटं शेतात नुसती पडून असतात, तीही इंधनाला घेऊ, असा प्रस्ताव हमखास येतो. ती नुसती पडलेली नसतात. पावसाचा मार तीच झेलतात आणि कुजून कर्ब तीच देतात. थोडी उचलली तर चालतं. सगळी उचलली तर सरपणासाठी घराचं छप्पर मोडल्यासारखं होतं.

मग सरळ सौर पॅनेलच का नाही?

गाडी चालवणं एवढाच हेतू असेल तर हा आक्षेप मला खोडता येत नाही. पान सूर्यप्रकाशातली जेमतेम एखादा टक्का ऊर्जा वर्षभरात साठवतं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बाजारातलं पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास पकडतं. त्याच हेक्टरवर विजेची गाडी कितीतरी पट लांब जाईल. बायोमासचं म्हणणं उरतं ते वीज जिथे सहज पोचत नाही तिथे: लांब पल्ल्याची विमानं, काही रसायनं, सूर्य-वारा नसतानाची साठवता येणारी ऊर्जा. आणि जिथे पिकाचा खरा उपयोग इंधनाहून वेगळाच आहे तिथे.

अशा जागा आहेत. स्वीडनमधल्या एन्शोपिंग शहरात सांडपाणी प्रकल्पातलं नायट्रोजनयुक्त पाणी विलोच्या लागवडीला देतात. झाडं नायट्रोजन शोषून घेतात, ते तलावात जायचं वाचतं, आणि कापलेलं लाकूड शहराला ऊब देणाऱ्या प्रकल्पात जळतं. आयोवात संशोधकांनी 2007पासून मका-सोयाबीनच्या उतारावरच्या शेतांत पाणी जिथून वाहतं नेमक्या त्या जागी कुरणाच्या बहुवार्षिक वनस्पतींचे पट्टे लावले. शेताचा फक्त 10 टक्के भाग दिला, आणि वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी घटली. उरलेल्या 90 टक्क्यांत मका तसाच उभा होता.